माझी वेगळी वाटी आणि बुरुंडीची कॉफी

त्या दिवशी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये इतका बर्फ पडला होता की ऑफिसात पोचलो आम्ही दोघंच... मी आणि माझा बॉस वॉल्ट. तिसरा होता पाहुणा एमानुएल, बुरुंडी नावाच्या आफ्रिकेतल्या इवल्याशा डोंगराळ देशातून, विकायच्या कॉफीच्या दाण्यांची एक पुडी घेऊन आलेला. कुणाचा तरी उसना कोट घालून बसला होता, बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बाहेरदेशची कॉफी चाखून ती घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी होते. जालन्याची मुलगी, फूड टेक्नॉलॉजीची डिग्री, नवरा हॉस्पिटलात रेसिडेंट डॉक्टर... म्हणजे घरी असून नसल्यासारखाच.

ऑफिसात माझ्याशी सगळे कामापुरतं बोलत. लंचला वॉल्ट आणि आमच्याबरोबर कॉफी चाखणारी कॅरोल एका टेबलावर, आणि मी खिडकीशी, पोळीभाजीचा डबा उघडून. एक वर्ष असंच गेलं. फार एकटं वाटायचं हो... रंगामुळे असेल, उच्चारांमुळे असेल, फोडणीच्या वासामुळे असेल. कारणं शोधण्यात माझा हात कोणी धरला नसता.

आता आमचं काम कसं चालायचं ते सांगते. एकाच मालाचे पाच वाडगे मांडायचे, प्रत्येकासाठी दाणे वेगळे दळायचे आणि वरून गरम पाणी ओतायचं. मग सगळ्यांनी आपापला चमचा त्याच वाडग्यांत बुडवायचा, फुर्रर्र करून ओढायचं, थुंकायचं, चमचा पाण्यात विसळायचा आणि पुढच्या वाडग्याकडे वळायचं. विसळला की झाला म्हणे स्वच्छ!

आमच्या आईने सख्ख्या भावंडांनाही कधी एका ताटात जेवू दिलं नाही. मला ते उष्टं काही केल्या जमेना. म्हणून कोणाचा चमचा पडायच्या आधीच मी समोरच्या वाडग्यातली थोडी कॉफी माझ्या स्टीलच्या वाटीत ओतून घ्यायचे. बाकीचे वाडगे ते दोघं बघायचे, मग माझ्यावाचून काय अडणार?

वॉल्टने एकदा विचारलं, तेव्हा "इट्स माय हॅबिट" म्हणून मोकळी झाले. उष्टं म्हणजे काय हे त्याला कुठून समजावणार...

तर त्या दिवशी वॉल्टला सडकून सर्दी. तरी सवयीने पाचही वाडग्यांत त्याचा चमचा फिरला, आणि चव काही कळली नाही. "यू टेल मी," तो मला म्हणाला.

मी वाटीतला घोट घेतला. कच्चा बटाटा! नाकाखाली धरून कोणी बटाटा सोलावा तसा वास. मी तसं सांगितलं, वॉल्टने खांदे उडवले. म्हणजे माल नको.

एमानुएल उभाच राहिला. "मॅडम, हा एकच वाडगा झाला. बाकीचे चार?"

मी म्हटलं, पुन्हा बनवू या. पण त्याची पुडी रिकामी झाली होती. होतं ते टेबलावरच, आणि तेही निवत चाललं होतं.

मग तो बोलत सुटला, अडखळत, मध्येच फ्रेंचमध्ये घुसत. त्याच्या देशात कॉफीचे मोठाले मळे नाहीत. घराभोवती, केळीच्या आडोशाला थोडी झाडं असतात. बायका लाल फळं निवडतात आणि त्याच दिवशी, आंबायच्या आत, डोक्यावरून डोंगरउतारावरच्या धुण्याच्या हौदावर नेतात.

सगळ्या डोंगराचा माल एकाच हौदात. त्यात एखाद्या फळाला किडा टोचलेला असतो, आणि तेवढ्या एका दाण्यात बटाट्याचा वास उतरतो. दाणा दिसायला चांगला, दळल्यावरच कळतं.

"एका दाण्यासाठी तुम्ही अख्ख्या डोंगराला नाही म्हणताय," तो म्हणाला.

मी त्या चार वाडग्यांकडे पाहिलं. चारींतही वॉल्टचा चमचा पडलेला... आणि तोही सर्दीचा!

डोळे मिटले आणि चमचा बुडवला. दुसरा वाडगा स्वच्छ, तिसराही. चौथ्यात काय असावं? मोसंबी! आमच्या जालन्याची, नुकती सोललेली. मिनियापोलिसच्या त्या थंडीत मला रडूच आलं. पाचवाही तसाच सुरेख.

माल घ्यायचं ठरलं. एमानुएलने माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि मग माझ्या वाटीकडे बोट करून हसला. त्यांच्याकडे म्हणे सणाला बिअरचा एकच माठ मध्ये ठेवतात आणि सगळे लांब नळ्यांनी त्यातूनच पितात. आपला पेला वेगळा आणणारा माणूस भांडायला आलाय असं समजतात.

वॉल्ट नाक पुसत म्हणाला, "कॅरोलला तसंच वाटतं. यू थिंक वी आर डर्टी. म्हणून ती तुला लंचला बोलवत नाही."

वर्षभर मी समजत होते की हे मला लांब ठेवतात, आणि ते समजत होते की मी त्यांना. भांडायला कुठली... मी तर बोलायला कोणी मिळावं म्हणून तरसले होते.

एमानुएल आठवडा संपता संपता परत गेला. पुढे त्याच्या देशात यादवी पेटली, फार वाईट दिवस आले. पेपरात वाचायचे आणि वाटायचं, तो कुठे असेल, त्या बायकांचं काय झालं असेल... विचारणार कोणाला?

उष्टं टाळणं चूक, असं मात्र मला आजही वाटत नाही. वॉल्टची सर्दी मला लागलीच, आठ दिवस पुरली!

पण त्या बर्फाच्या दुसऱ्याच दिवशी रस्ते मोकळे झाले आणि कॅरोल आली. वॉल्टने तिला सगळं सांगितलं असणार. लंचला ती आपली खुर्ची ओढत माझ्या खिडकीशी आली, थर्मासच्या झाकणात सूप ओतलं, आधी स्वतः एक घोट घेतला आणि झाकण माझ्यापुढे धरलं. मी काय करते ते बघत राहिली.

सूप खारट होतं, निवलेलं होतं... मी सगळं प्यायले.