सातवा आयटम

आमच्या कार्यक्रमात नऊ आयटम असत. क्रम ठरवणं, यादी विंगेत टाचणं आणि सामान मांडणं माझ्याकडे. माझे यजमान नकला करत, जादू दाखवत आणि सातव्या आयटमला मला काळ्या फळीपुढे उभं करून सुऱ्या फेकत. बारा सुऱ्या, माझ्या अंगाभोवती, चार-चार बोटांवर. पोस्टरवर चित्र त्याचंच. आठ वर्षांत ओरखडा आला नव्हता. भीती पहिल्या महिन्यातच गेली होती.

ती परत आली हातकणंगले स्टेशनवर. पाटी समोर असताना त्यांनी मला गावाचं नाव विचारलं. झोपेत असतील, असं मी धरलं. पुढच्या आठवड्यात सराव करताना एक सुरी दंडाला चाटून गेली. फळी हलली, म्हणाले. फळी मीच ठोकली होती. ती हलली नव्हती.

मग कोल्हापुरात दुपारचा खेळ आला. मी नेहमीचं हिरवं लुगडं नेसून तयार झाले, तर म्हणाले, आज पांढरं नेस. नवरा समोर उभा असताना मी पांढरं कशाला नेसू? रागावणारच होते, पण ते डोळे बारीक करून काळ्या फळीकडे बघत होते.

"किती दिसतं तुम्हाला?"

"तू दिसतीस की. तुझ्या कडा दिसत न्हाईत."

मी पेन्सिलीने सातवा आयटम खोडला आणि तिथे प्राण्यांचे आवाज लिहिले. लोक पोस्टर बघून आलेत, ऐकणार नाहीत, असं ते सांगत राहिले. मी सुऱ्यांच्या पेटीला कडी घातली आणि विंगेत तिच्यावर बसले.

लोकांनी खरंच ऐकलं नाही. कोंबडा झाला, म्हैस झाली, तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "ओ पावणं, सुऱ्या घरात इसरलासा व्हय?" शिट्ट्या सुरू झाल्या, पाय आपटायला लागले. यजमानांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. आता हे मला हाक मारणार. भरल्या थिएटरसमोर नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. हाक आली असती, तर मी उठून फळीपाशी गेले असते.

ते विंगेकडे वळले. थांबले. पुन्हा लोकांकडे वळले.

"बायको पेटीवर बसलीया," ते म्हणाले. "उठंना झालीया."

त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा तोच. मी दोन्ही हातांनी कडी घट्ट धरली होती, तरी ती खुळखुळत होती.