अक्काची बिनमातीची शेती

दाजींचा फोन आला तेव्हा मी ट्रॅक्टरच्या ब्लोअरखाली उकिडवा बसून फवारणीची नोझलं साफ करत होतो. हात औषधानं माखलेले, म्हणून मुलाला म्हटलं, तूच घे. त्यानं घेतला, ऐकलं आणि फोन माझ्या कानाला लावला. "तुझी बहीण गेली रे," दाजी म्हणाले. "सकाळी चहा गाळता गाळता..." मी दोनदा साबण लावून हात धुतले आणि निफाडहून नाशिकला गाडी काढली. रस्ताभर रडू काही आलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं, की अक्काला एक गोष्ट सांगायची होती. तीन वर्षं आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो, आणि आता बसा बोंबलत.

अक्का म्हणजे शकुंतला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन नाशिकला गेली. दाजी ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, सिडकोत छोटं घर, वर गच्ची. शहरात चाळीस वर्षं काढली तरी कोथिंबिरीची जुडी नाकाला लावल्याशिवाय तिनं कधी घेतली नाही, आणि वास आला नाही तर भाजीवालीला दोन शब्द ऐकवल्याशिवाय ती पुढं गेली नाही. माहेरी आली की पिशवी ओट्यावर टाकून आधी बागेत जायची. कुठल्या वेलीला काय झालंय ते मला सांगायची. बरोबर असायचं, म्हणून जास्तच राग यायचा. वडील गेल्यावर निफाडच्या कचेरीत तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी करतातच सही, त्यांना कुणी विचारत नाही, अमुक दिवशी ये म्हणून नुसतं कळवतात. मीही कळवलं. सही झाली, आम्ही रसवंतीवर उसाचा रस प्यायलो, मी साडी दिली, ती तिनं घडी न मोडता पिशवीत ठेवली. त्या विषयावर ती पुन्हा कधी चकार शब्द बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

दाजी निवृत्त झाले आणि काही वर्षांनी तिनं फोनवर कुठंतरी ते मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवायचं प्रकरण पाहिलं. खाली माशांची टाकी, वर खडी भरलेल्या वाफ्यात भाजी. माशांनी घाण केलेलं पाणी मोटरीनं वर चढवायचं, भाजी त्यातलं खत खाते, आणि गाळलेलं पाणी परत माशांकडं येतं. माती नाहीच. मी हसलो. म्हटलं, "अक्का, मातीवाचून शेती? उद्या पिठावाचून भाकरी थापशील." ती म्हणाली, "थापीन. आणि तुलाच वाढीन, गप गिळायची." आठवड्यात अंबडच्या बाजूच्या एका भंगारवाल्याकडून, सलीमभाईंकडून, तिनं दोन निळे ड्रम आणले. त्यात आधी फळांचा गर भरलेला असायचा असं ते म्हणाले. तिनं विश्वास ठेवला नाही. झाकण उघडून आत डोकं घालून वास घेतला, सोड्याच्या गरम पाण्यानं चारदा धुतले, पंधरा दिवस उन्हात उताणे टाकले आणि पुन्हा डोकं घालून वास घेतला. शेजारच्या बाईंनी दाजींना विचारलं म्हणे, वहिनींना बरं आहे ना?

दाजींनी एक ड्रम ग्राइंडरनं उभा चिरला, त्याच्या दोन डोणी झाल्या. पाण्याच्या टाकीखालचा जुना लोखंडी स्टँड होता, त्यावर डोणी बसवल्या, खाली दुसरा ड्रम माशांसाठी. मोटर जुन्या कूलरची. रोपं लावायला आइस्क्रीमचे रिकामे डबे, बुडाला तापल्या खिळ्यानं भोकं पाडलेली. डोण भरली की पाणी आपोआप एकदम खाली उतरावं म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीचा सायफन करायचा होता. विमानाचे भाग बसवलेल्या माणसाला तो चार वेळा जमला नाही. चौथ्या वेळी दाजी ओलेचिंब होऊन म्हणाले, "ह्या बाटलीपेक्षा विमान सोपं होतं." पाचव्या वेळी पाणी गुडगुडलं आणि धो धो खाली आलं, तेव्हा अक्कानं गच्चीवर टाळ्या वाजवल्या. साठी उलटलेली बाई. मग म्हणाली, मासे लगेच सोडायचे नाहीत, आधी पाणी मुरू दे. पाच आठवडे नुसतं पाणी फिरवत ठेवलं. माशांच्या घाणीचं खत करणारे जीव आधी खडीत धरावे लागतात, असं ती सांगायची. दाजी रोज विचारायचे मासे कधी, आणि ती म्हणायची, लोणचं मुरायच्या आधी बरणीत बोट घालायचं नाही. शेवटी गंगापूर धरणावरच्या एका मासेमाऱ्याकडून अंगठ्याएवढ्या वीस चिलापी आणल्या. अक्का स्वतः मासे खायची नाही. दाजी मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडं ताटातल्यासारखं बघत होते.

महिन्याभरानं ती एसटीनं आमच्याकडं आली, पालकाच्या दोन जुड्या घेऊन. शेतकऱ्याच्या घरी पालक घेऊन येणारी ही पहिलीच पाहुणी. माझ्या बायकोच्या हातात जुड्या देत म्हणाली, "घे, माझ्या शेतातली हाय." ती सहज म्हणाली, कुणाला टोचायला नाही. पण मला लागायचं तिथं लागलं.

आता माझ्या कर्तबगारीबद्दल. पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या कामासाठी मी नाशिकला गेलो आणि जेवायला अक्काकडं थांबलो. ती खाली भाकऱ्या करत होती, दाजी दळण आणायला गेलेले. मी गच्चीत गेलो. टोमॅटोच्या पानांवर करप्याचे डाग दिसले. द्राक्षवाल्या माणसाला पानावर डाग दिसला की त्याचा हात डोक्याला न विचारता औषधाकडं जातो. गाडीत मोरचुदाची पुडी होती, आमच्या गाड्यांत ती असतेच. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी उडवायची बाटली गच्चीच्या कट्ट्यावर होती. तिच्यात मोरचूद कालवलं आणि दोन्ही डोणींतल्या पानांवर खालून-वरून छान मारलं. बाटली रिकामी झाली तशी पुन्हा भरून मारलं. मनात काय होतं? अक्कासाठी कधी काही केलं नाही, एवढं तरी करू. तिला सांगितलंही नाही, म्हटलं आठवड्यानं स्वच्छ पानं बघून तीच विचारेल. बाटली धुऊन जागेवर ठेवली, खाली येऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि घरी आलो. पानांवरून निथळलेलं खडीत जातं, खडीतलं माशांत जातं, हे मला तिनंच दहा वेळा समजावलं होतं. मोरचुदानं मासा मरतो हेही आम्हा बागवाल्यांना ठाऊक असतं, ओढ्यात पंप धुऊ नका म्हणून आम्हीच दुसऱ्यांना ओरडतो. पण त्या वेळी मला ड्रम दिसलाच नाही. मला पान दिसलं.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "सगळे उलटे झाले रे... वीसच्या वीस." अक्का रडत होती. वडील गेले तेव्हा घर सांभाळायचं म्हणून न रडलेली अक्का चिलापींसाठी हुंदके देत होती. मला त्याच क्षणी कळलं. आणि तोंडातून काय निघावं? "ड्रमचंच काहीतरी असणार. आधी काय भरलं होतं कोण जाणे. भंगारवाल्याचा काय भरवसा!" इतक्या चटकन माणूस खोटं बोलू शकतो हे मला स्वतःबद्दल माहीत नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी सलीमभाईंच्या दुकानापुढं उभी राहून त्यांना वाटेल तसं बोलून आली. दाजींनी मला फोनवर ते रंगवून सांगितलं, मी हसलोसुद्धा. नंतर तिनं सगळी खडी काढून फेकली, ड्रम बदलले, पुन्हा पाच आठवडे पाणी मुरवलं, पुन्हा मासे आणले. नवे ड्रम कुठून आणले ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. जमीन तर घेतलीच होती, वर तिची बिनमातीची शेतीही आपण मारली, हे कुठल्या तोंडानं सांगणार? दर दिवाळीला, दर भाऊबीजेला ओवाळून घेताना ठरवायचो, आज बोलू. ती ताटात लाडू वाढायची आणि मी लाडू खायचो.

दशक्रियेला गोदावरीवर पिंड ठेवला. कावळा शिवला नाही की घरचे एकेक जण पुढं होऊन कबूल करतात, अमकं करू, तमकं सांभाळू. मला खात्री होती, कावळा अडणार. मी मनाशी तयारी केली होती, सगळ्यांसमोर सांगायचं, अक्का, मासे मी मारले. कसलं काय! आम्ही दहा पावलं मागं सरकतो न सरकतो तोच कावळा आला आणि भात घेऊन गेला. मंडळी म्हणाली, बाई तृप्त गेली. मला मात्र त्या कावळ्याचा असा राग आला की काय सांगू. घटकाभर थांबला असता तर त्याचं काय जाणार होतं?

दाजींना त्यांची मुलगी पुण्याला घेऊन गेली. जाण्याआधी ते म्हणाले, "गच्चीचं काय करायचं ते तू बघ. मला आता खाववणारही नाहीत ते मासे." अठरा चिलापी होत्या, चांगल्या तळहाताएवढ्या. त्या गावाकडं न्यायच्या तर झाकणाचे ड्रम हवेत, म्हणून मी अंबडला गेलो. दुकानं पुष्कळ आहेत, पण पाय सलीमभाईंच्याच दुकानाकडं वळले. एका तरी माणसासमोर खरं बोलावं असं वाटत होतं. ओळख सांगितली आणि म्हटलं, "माझी बहीण तुम्हाला बोलून गेली होती. तुमच्या ड्रममध्ये खोट नव्हती, भाई. औषध..." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मालूम आहे ना. दीदी परत आली होती, आठ दिवसांत. स्टुलावर बसली, पाणी प्यायली. बोलली, भाई, माफ करा, चूक माझी. फवारा माझ्याच हातानं मारला गेला. आमची द्राक्षाची बाग आहे, हाताला सवय लागलेली असते. दोन ड्रम घेतले आणि गेली. उसके बाद तर ईदला पालक पाठवायची." मग त्यांनी विचारलं, "कैसी है दीदी?" मी सांगितलं. त्यांनी झाकणाचे दोन ड्रम निवडून बाहेर काढले.

मी गाडीत येऊन बसलो आणि तिथं मात्र रडू आलं. अक्कानं आयुष्यात कधी फवारा मारला नव्हता, आमच्याकडे बायकांच्या पाठीवर पंप द्यायची रीतच नव्हती. पण वाळलेल्या मोरचुदाचे निळे ठिपके पानावर पाहून द्राक्षवाल्याच्या मुलीला कळणार नाही, हे मी समजलो तरी कसं? मी किती शहाणा! तिनं दाजींनाही सांगितलं नव्हतं. माझा गुन्हा स्वतःच्या नावावर लिहून एका परक्या माणसाची माफी मागून आली, आणि त्यानंतरही मी गेलो की "बस वर, मी चहा टाकते" म्हणून मला त्या गच्चीत एकट्याला सोडून खाली जायची. तीन वर्षं. तिला माहीत नाही म्हणून ती असं करते, असं मी धरून चाललो होतो.

मासे गावी आणले. घरामागं स्टँड उभा केला, डोणी बसवल्या, सायफन मला सात वेळा जमला नाही. त्यांना मुरलेलं पाणी हवं म्हणून गच्चीवरची खडी पोत्यांत ओली ठेवून आणली. सगळं लागलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. वीस एकरांत ब्लोअरच्या फवाऱ्याचा धुरळा पोचत नाही असा हातभर तुकडा आमच्याकडं नाही. ऑक्टोबरची छाटणी झालेली, पुढचे दोन महिने दिवसाआड औषध. मी मुलाला सांगितलं, घराला लागून असलेल्या सात ओळींना हात लावायचा नाही. त्यांच्यावर जाळी बांधली, पलीकडं वारा बघून मारायचं ठरलं. तो म्हणाला, "आबा, डावणी येईल. सातच्या सात ओळी जातील." म्हटलं, जातील. फुलोऱ्यात दोन दिवस ढगाळ हवा राहिली आणि डावणीच्या बुरशीनं घड काळे पडून गळाले. सगळ्या ओळी गेल्या. गावातले लोक बांधावर उभे राहून बघतात आणि माझ्याकडं बघत नाहीत. चिलापी अठराच्या अठरा आहेत.

परवा मुलानं विचारलं, पुढच्या छाटणीला त्या ओळी धरायच्या का, का काढूनच टाकायच्या? मी म्हटलं, "त्या सात ओळी तुझ्या आत्याच्या हायेत. त्यांचं मी काय सांगणार?"