पाचवीचा कोरा कागद

ग्रुपवर उशिरा लिहितोय, मंडळी, माफ करा. सकाळपासून तुमचे फोन येत होते, पण उचलायचा धीर होत नव्हता.

आमची नात दीड महिना आधीच जन्मली. नऊ दिवस झाले, नारायणगावच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून आपण कोरा कागद आणि पेन ठेवतो. इथे पाचवी पुजताच आली नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, लेकराचं नशीब कोरंच राहिलं.

आज दुपारी कागद-पेन खिशात लपवून आत निघालो. सिस्टरनं दारातच पकडलं.

"बाबा, हे काय?"

खरं ते सांगून टाकलं. वाटलं, आता ओरडेल. तिनं पेटीजवळची फाईल उघडून माझ्यापुढं धरली.

"हे बघा, आमी रोज लिहितोय की! वजन, दूध, श्वास. आज ऑक्सिजनची नळी काढली, तेबी लिवलंय. कोरं कुठंय?"

सगळं इंग्रजीत, मला त्यातलं वाचता आलं नाही. पण नात नळीशिवाय श्वास घेत होती, ते दिसलं. मी भिंतीला टेकून खालीच बसलो.

"आता तुमाला ॲडमिट करायला लावू नका राव!" सिस्टर म्हणाली.

बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन सुनेला सांगितलं, तर रडता रडता हसली. मग म्हणाली, "मामा, घरी कधी सोडतील?"

मला काय ठाऊक? तुमच्यात कुणाचं बाळ असं पेटीत राहून घरी आलं असेल, तर किती दिवसांनी आलं, आता कसं आहे, ते लवकर कळवा. तिला वाचून दाखवायचंय. मी तिच्या खाटेशेजारीच मोबाईल धरून बसलोय.