निळ्या दाराचं ताट

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारचे दोन वाजून गेले तरी निळ्या दाराच्या खानावळीच्या गल्ल्यात एकशे साठ रुपयेच होते. ताटाचा दर ऐंशी. समोरच्या गिऱ्हाइकाने पाचशेची नोट पुढे केली, तिला सुट्टे कुठून असणार?

हे गिऱ्हाईक म्हणजे मालकिणीचा धाकटा दीर. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून बाहेरगावच्या पाहुण्यांना शहराचा नकाशा देणं, काय बघावं आणि कुठे जेवावं ते सांगणं, हे त्याचं काम. कोणी काहीही विचारलं तरी उत्तराची सुरुवात ‘सरळ जा’ अशी, म्हणून हमालांनी त्याचं नाव ‘सरळजा’ ठेवलं होतं. सल्ला मात्र चोख. ‘संग्रहालय सकाळीच उरका, दुपारी तिथे दिवे लावत नाहीत. मनोरा खालूनच बघा, वर चढून धापच लागते. पूल संध्याकाळी. आणि जेवायला पुलाच्या अलीकडे, निळं दार.’

थोरला भाऊ गेल्यावर वहिनींनी ती खानावळ एकटीने चालवली होती. सरळजा तिथे पाहुणे पाठवायचा, पण स्वतः पाऊल टाकायचा नाही. जिथे माणसं धाडायची तिथे घासही खायचा नाही, हा त्याचा नेम. दीर फुकट जेवतो आणि त्या बदल्यात गिऱ्हाईक पाठवतो, असं कोणी म्हणू नये एवढंच. सणावाराला वहिनीच त्याच्या घरी येत.

आदल्या दिवशी परतीच्या गाडीची वाट बघणाऱ्या एक बाई खिडकीशी आल्या होत्या.

“काका, पूल सुरेख आहे हो. जेवणाचं मात्र... तुम्ही जेवता का तिथे?”

“नाही.”

“तरीच!” असं म्हणून त्या गाडीकडे वळल्या. एवढा एक शब्द त्याला रात्रभर पुरला.

म्हणून आज तो आला होता. आत दोनच माणसं होती आणि दोघांसमोर त्याच्याच खिडकीतले नकाशे होते.

“भावजी! वाट चुकलात की काय?” वहिनींनी हसून ताट वाढलं.

रश्शाला करपल्याचा वास येत होता. मीठ नावालाही नव्हतं. भातात मात्र ते मूठभर पडलं असावं. दोघे पाहुणे खाली मान घालून, पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास गिळत होते. ते पैसे ठेवून निघून गेल्यावर सरळजाने विचारलं,

“वहिनी, चव बघता ना?”

“कसली चव? मागच्या वर्षी ताप आला, तेव्हा गेली ती गेलीच. वाससुद्धा येत नाही. हाताच्या अंदाजाने घालते.”

“मला बोलला नाहीत ते?”

“बोलले असते तर माणसं पाठवली असतीत? गावातली गिऱ्हाइकं केव्हाच तुटली. तुमची पाहुणेमंडळी बरी. रोज नवी येतात, खातात, गाडीला निघून जातात. भांडायला परत कोण येतंय?”

“एखादी स्वयंपाकीण ठेवू.”

“आणि पगार? नकाशे देऊ तिला?”

“मग मी येत जाईन सकाळी. चव सांगेन.”

वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “लोक काय म्हणतील भावजी? दीर फुकट जेवतो म्हणतील. त्याच भीतीने इतकी वर्षं हा उंबरा ओलांडला नाहीत ना? चार महिन्यांनी एकदा जरी जेवून गेला असतात, तरी कळलं असतं.”

त्याने नोट पुढे केली.

“असू द्या. सुट्टे झाले की द्या,” वहिनी म्हणाल्या. मग ताट उचलता उचलता, त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “पाठवू नका असं मी म्हणणार नाही हं. तुमचं तुम्ही बघा.”

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीने एक कुटुंब उतरलं. पोरं भुकेने रडकुंडीला आली होती.

“जेवायला कुठे बरं पडेल?”

सरळजाने नकाशा उलगडला. त्याचं बोट सवयीने पुलाकडे सरकलं आणि तिथेच अडलं. “सरळ जा,” तो म्हणाला, “चौकातून डावीकडे वळा. कोपऱ्यावर एक खानावळ आहे.”

“निळ्या दाराचं चांगलं आहे असं ऐकलं होतं.”

“होतं,” सरळजा म्हणाला.

महिनाभरात निळं दार बंद झालं. लेकीच्या गावी निघालेल्या वहिनी एका सकाळी बसस्थानकात आल्या. हातात एक पिशवी, काखेत गुंडाळलेला बिछाना. खिडकीपुढे रांग होती, त्या रांगेत उभ्या राहिल्या. पाळी आल्यावर त्यांनी परक्या माणसासारखं विचारलं, “गाडी कुठून सुटते?”

“सरळ जा, वहिनी. शेवटचा फलाट.”

त्या सरळ गेल्या. मागचा माणूस संग्रहालयाची वेळ विचारत होता. त्याला वेळ सांगून सरळजाने खिशातून पैसे काढले आणि मान वर केली, तोवर गाडी फाटकाबाहेर पडली होती.

वहिनींच्या ताटाचे ऐंशी रुपये द्यायचे राहिले आहेत.