मामाची घागर

मी काही मोठी भाविक नाही, हे आधीच सांगते. हळ्ळीखेडच्या आमच्या घरात मैलारच्या मल्लण्णाचं नाव घेतल्याशिवाय चूल पेटत नाही. पण मी नर्स, ऑस्ट्रेलियात दवाखान्यात नोकरी, देवाशी माझं बोलणं जेमतेम. त्या महिन्यात तर मी त्याच्यावर चिडलेच होते. माझ्या नवऱ्याला तिथून हाकलून देऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यांच्यासाठी जोडीदाराचा व्हिसा मागितला तर तिकडच्या कचेरीचं पत्र आलं: तुमचं लग्न खरं कशावरून?

चूक आमचीच. हे मला भेटायला आले तेव्हा एजंटाने अर्जात 'अविवाहित' लिहिलं, काम लवकर होतं म्हणाला, आणि यांनी डोळे झाकून सही ठोकली. मुदत संपल्यावर हे निघाले, तर मीच रडून म्हणाले, "अजून थोडे दिवस थांबा की." त्या थोड्या दिवसांचे आठ महिने झाले, आणि हे पकडले गेले. लग्नाची नोंदणी आम्ही त्यानंतर केली, म्हणून कागदावर सगळं व्हिसासाठी रचल्यासारखं दिसत होतं. लग्न झालं लॉकडाऊनमध्ये, दारात, दहा माणसांत. पत्रिका नाही, फोटोवाला नाही. भावाच्या मोबाइलमध्ये चार फोटो होते, तो मोबाइलच विहिरीत पडला. नातेवाइकांची साक्ष दिली, ती पुरेना.

रजा काढून मी पुरावा शोधायला गावी आले. पेट्या उपसल्या, काही मिळालं नाही. उत्तर द्यायला नऊ दिवस उरले तेव्हा सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, म्हणाल्या, "मैलारला जाऊन येऊ गं, आयतवार हाय." मी फाडकन बोलले, "देव काय शिक्का मारून देणार हाय का?" तरी त्यांचं मन मोडवेना, म्हणून गेले.

कपाळाला भंडारा लागला आणि मला एकदम भडभडून आलं. काही मागितलं नाही. एवढंच म्हणाले, बाबा, माझं डोकं चालेना, आता तू बघ. बाहेर झाडाखाली कुणाचं तरी नवसाचं जेवण चाललं होतं. ओळख ना पाळख, एक बाई आडवी आली, "अक्का, उपाशी कामून जायलाव? बसा की." बसलो. देवाला वाहिलेली भांडी तिथे जेवण घालणाऱ्यांना वापरायला देतात. तसल्याच एका तांब्याच्या घागरीतून ती माझ्या हातावर पाणी ओतू लागली, आणि घागरीच्या गळ्याजवळ मला माझं नाव कोरलेलं दिसलं. शेजारी यांचं, खाली लग्नाची तारीख आणि 'मामाकडून भेट'.

अगं बाई! लग्नात मामाने दिलेली घागर. मला तिची आठवणसुद्धा नव्हती. आत्या मान खाली घालून भात कालवत होत्या.

"आत्या, ही हितं कशी?"

"तू रागावशील म्हनून बोलले न्हाई. त्यो तिकडं अडकला व्हता, म्या घागर वाहिली. म्हनलं, ल्योक घरला येऊ दे. आनला की देवानं!"

हसावं का रडावं कळेना. पोलिसांनी विमानात बसवून पाठवलेला मुलगा आत्यांच्या लेखी नवसाने आला होता! पण घागर वाहिली तेव्हा हे तिकडंच होते, आणि पुजाऱ्यांच्या वहीत तो दिवस, घागरीवरची आमची नावं, सगळं लिहिलेलं निघालं. नोंदणीच्या आधीपासून आम्ही नवराबायको होतो, हे एका परक्या माणसाच्या हातचं लिहिलेलं होतं. पुजाऱ्यांनी तसं पत्र दिलं. मी घागरीचा फोटो काढायला लागले तर आत्या उठल्या, घागर कडेवर घेतली, पदर सारखा केला. "काढ." लेक घरी यावा म्हणून वाहिलेली घागर, तीच आता लेकाला दूर पाठवायला त्या धरून उभ्या होत्या. हे त्यांना पुरतं कळत होतं. मी फोटो काढला.

व्हिसा आला. कशामुळे आला, ते सांगायला मी त्या कचेरीत बसलेली नव्हते. पण त्या बाईने आडवं येऊन बसवलं, याचे उपकार मी विसरणार नाही. मी यांना न्यायला आले तेव्हा आम्ही तिघं पुन्हा मैलारला गेलो. आत्या देवापुढं बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आत्या, या खेपेला काय मागितलं?"

यांच्या खिशात भंडाऱ्याची पुडी खोचत त्या म्हणाल्या, "काई न्हाई. मागल्या खेपेला मागून बघितलं की. आता त्याला कळंल तसं करंल."