आमच्या इराला कायमची सुट्टी

मुलीला शाळेतून काढलं की घरात वह्या-पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. अडचण एवढीच, की ते सांगायचे कुणाला! पूर्वी शाळेच्या गेटवर आम्हा आयांचा घोळका असायचा. एकीचं बोलून झालं की दुसरीचं सुरू. इराचं नाव काढलं, त्याच आठवड्यात मला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही काढलं. बरोबरच होतं म्हणा! तर आता तुम्हीच ऐका.

आम्ही नवीन पनवेलला राहतो. मी, माझा नवरा समीर आणि नऊ वर्षांची इरा. दुसरीत असताना स्कूलबसचा हॉर्न ऐकला की इरा उलटी करायची. रविवारी मात्र ठणठणीत! डॉक्टर करून झाले, बाईंशी बोलून झालं, दुसरी शाळासुद्धा करून झाली. शेवटी घरीच शिकवायचं ठरलं. समीर म्हणाला, "वर्षभर बघू या." आणि तो बेलापूरला ऑफिसात गेला. बघायला मी उरले!

*

लिफ्टमध्ये भेटणारं प्रत्येक माणूस इराला एकच विचारतं, "आज सुट्टी का गं?"

सुरुवातीला ती बिचारी सगळं नीट सांगायची. पण आम्ही सातव्या मजल्यावर, आणि होमस्कूलिंग समजावायला सात मजले पुरत नाहीत! चौथ्यापर्यंत समोरच्याचा चेहरा पडतो, दुसऱ्यावर तो माझ्याकडे वळतो आणि तळमजल्यावर, "पण मग दहावीचं काय?" असं म्हणून उत्तर न ऐकताच निघून जातो.

मग इराने उत्तर आखूड केलं. एकदा सबनीसकाकूंनी विचारलं, "आज सुट्टी का गं?"

"हो."

"कसली?"

"तुम्हाला कसली आहे, काकू?"

तळमजला आला, दार उघडलं, तरी काकू बाहेर पडायला विसरल्या!

*

आमच्या मजल्यावर जोगकाका राहतात. रिटायर्ड हेडमास्तर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सुनावलं, "शिस्त लागते ती शाळेत. घरी मिळतं ते स्वातंत्र्य, आणि स्वातंत्र्याने पाढे येत नाहीत!"

मी म्हटलं, "विचारून बघा."

"सतरा नवे?"

इरा छताकडे बघत पुटपुटली, "सतरा दाहे एकशे सत्तर… त्यातून सतरा गेले… एकशे त्रेपन्न!"

"उत्तर बरोबर," काका म्हणाले, "पण विचार करावा लागला ना तुला? पाठ असलेल्याला विचार करावा लागत नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी परत बेल. एकोणीसचा विचारायला आले होते. तिसऱ्या दिवशी चक्रवाढ व्याज. आता रोजच येतात. त्यांचा मुलगा शाळेत कायम पहिला यायचा. हल्ली कॅनडात असतो.

*

मध्ये सूर्यग्रहण होतं. नेमक्या सासूबाई आलेल्या. त्यांनी सकाळीच जाहीर केलं, "ग्रहणात बाहेर पडायचं नाही, चिरायचं नाही, खायचं नाही."

इरा म्हणाली, "का ते सांग आजी, मग नाही जाणार."

"कारण कशाला हवं? सगळेच पाळतात!"

इराने पुठ्ठ्याला भोक पाडलं, पांढरा कागद घेतला आणि आम्ही दोघी गच्चीवर गेलो. सूर्याकडे पाठ करून तिने पुठ्ठा धरला, तर कागदावर सूर्याची इवलीशी कोर! चंद्रासारखी!

"आई, कुणाला दाखवू?"

मी खाली पाहिलं. पार्किंगमध्ये चिटपाखरू नाही. सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. समीरला फोन केला, तो मीटिंगमध्ये. इरा कागद धरून उभी, आणि कोर हळूहळू बारीक होत चाललेली.

तेवढ्यात गच्चीचं दार वाजलं. सासूबाई! पदर पार नाकापर्यंत ओढलेला, डोळे घट्ट मिटलेले.

"मी बघायला नाही हं आले. पोर एकटी आहे म्हणून आले."

मग पदराआडून आवाज आला, "कागदावरचं बघितलेलं चालतं का गं?"

*

आमच्यासारख्यांचा एक ग्रुप होता. दर रविवारी ओवे गावाजवळच्या एका बागेत सतरंजी टाकायची, मुलं खेळायची, आम्ही वाद घालायचो. सगळ्यात जोरात बोलायचा निखिल. "मुलांना संपूर्ण स्वातंत्र्य! काय शिकायचं, कधी, कुठे, त्यांचं त्यांनी ठरवायचं. आपण कोण सांगणारे?"

त्याची तन्वी शेजारीच बसली होती. इराची एकुलती एक मैत्रीण. ती म्हणाली, "बाबा, मग मी शाळेत जाऊ?"

"तसं नाही गं, बेटा…" निखिल म्हणाला. पण तसंच होतं. जूनमध्ये तन्वी दोन वेण्या घालून शाळेत गेली. बाकीची कुटुंबं कुणी पुण्याला गेली, कुणी नुसतीच गळली.

तेव्हा एकदा मी इराला विचारलं, "तुला जायचंय का शाळेत?"

"शाळेत नको. तन्वी हवी होती."

पुढच्या रविवारी आम्ही दोघीच सतरंजी टाकून बसलो. बराच वेळ कुणी आलं नाही. इरा म्हणाली, "आई, आपण दोघी म्हणजे अजून ग्रुपच ना?"

*

गेल्या हिवाळ्यात दोघी कर्नाळ्याला पक्षी बघायला गेलो होतो. परतताना पळस्प्याच्या अलीकडे गाडी पंक्चर! रस्त्याला लागूनच वीटभट्टी होती. मी स्टेपनी काढत होते, तेवढ्यात इराच्याच वयाची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन येऊन उभी राहिली. तिची नजर इराच्या दुर्बिणीवर. इराने लगेच ती त्या मुलीच्या डोळ्यांना लावली.

"तू शाळेत नाही जात?" इराने विचारलं.

"नाय."

"मी पण नाही!" इरा इतक्या आनंदाने ओरडली, की कडेवरचं पोर दचकलं.

त्या मुलीने दुर्बीण खाली केली. इराची टोपी पाहिली, बूट पाहिले, गाडी पाहिली.

"तू का नाय जात?"

"मी घरी असते. तू?"

"आय-बा भट्टीवर. याला मी सांभालते." तिने भावाला वर सरकवलं. "तुज्या घरी हाय धाकला?"

"नाही."

"धाकली?"

"नाही."

ती मुलगी गोंधळली. "मंग दिसभर कोनाला सांभालतेस?"

इराने जरा विचार केला.

"आईला," ती म्हणाली.