निळ्या रेषेच्या आत

"आता आपला हीरो त्याच्या मायची नक्कल करून दाखवते. पुरात टिनावर उभी राहून बकरीले कशी बोलावे ते. कर बे."

भाऊनं माइक माह्या हाती देला. समोर मंडप. नवीन लेआउटचं उद्घाटन. खुर्च्यायवर नेरचे, बोरी अरबचे गिऱ्हाईक. मास्तर, क्लार्क, त्यायच्या बायका. हातात गरम आलुबोंडा. मी तोंड उघडाच्या आधीच हसून राह्यलते.

नकला मी लहानपणापासून करतो. हेडमास्तरची केली तं मार खाल्ला, कंडक्टरची केली तं फुकट बसाले भेटलं. हा भाऊ आमचा नगरसेवक. वरच्या पुऱ्यातला, तरी आमच्या बौद्धपुऱ्यात मांडी घालून चहा पे. मले पहिल्यांदा स्टेजवर त्यानंच चढवलं. मले वाटे, हा आपला माणूस.

पूर आला तवा आमाले शाळेत ठेवलं. आमची बकरी कमळी वाहून गेलती. वर्गात सारे गुमसुम बसलते, म्हणून मी मायची नक्कल केली. ये वं कमळे, ये वं बाई, वर चढ. सारे हसले. माय बी हसली, मंग रडली. ते आमचं हसणं होतं. भाऊ दारात उभा होता. त्यानं ते ध्यानात ठेवलं.

मंग पाटबंधारे खात्याचे साहेब आले. नदीकाठानं निळे दगड रोवले. म्हणे ही पूररेषा, आतले घरं काढा. माय अडून बसली. भाऊनं समजावलं, काकू, जीव मोठा का घर? सरकारी ई-क्लासच्या उंच जाग्यावर घराचा पट्टा देतो. माय उठली. आपल्या हातानं टिनं काढले. पट्टा काही भेटला नाही. आमी अजून भाड्याच्या खोलीत.

आमच्या जाग्यावर मुरूम पडून राह्यला होता तवा मी भाऊले इचारलं. म्हणे बगीचा होऊन राह्यला. मी खूष. मायले सांगतलं, तुह्या चुलीवर गुलाब लावतीन.

निळे दगड मुरमाखाली गेले. वर चुन्यानं प्लाट आखले. अन् आज मंडपातल्या बोर्डावर मालक म्हणून भाऊचा फोटो.

"कर ना, लाजतं काय?" भाऊ म्हणाला. मंग माइकवर हात ठेवून, हळूच, "तुमच्या लोकायले वर आणलं का डोक्यावर बसता."

तुमच्या लोकायले. काल परवापर्यंत मी त्याचा लहान भाऊ होतो.

मायचा आवाज तोंडापर्यंत आलता. गिळला. दगड रोवणाऱ्या साहेबाचा काढला. नाकातून, चष्मा सावरत.

"या निळ्या रेषेच्या आत कोणालाही एक वीट रचता येणार नाही. पूर गरीब-श्रीमंत बघत नाही."

लोक हसले. नवीन आयटम वाटला त्यायले. मंग मी माह्या आवाजात म्हटलं, ताई, तुमची खुर्ची हाय तिथं आमची चूल होती. पाणी फळीवरच्या डब्यायपर्यंत आलतं. मुरमानं पाणी थांबत नसते, समोरच्या काठावर दुसऱ्या कोणाच्या घरात घुसते.

हसणं थांबलं. भाऊनं माइक बंद केला. मी बिना माइकचा बोललो. त्याच्या दोघा माणसायनं धरून खाली उतरवलं.

आता भाऊ निरोप धाडते. माफी मांग, मायच्या पट्ट्याचं पाहू. मायनं ऐकलं. भाकर थापता थापता म्हणे, "जाऊ नको."

मी तहसीलमंधी हरकत टाकली हाय. रविवारी गाड्या भरून गिऱ्हाईक येते, मी तिथं जाऊन उभा राहतो अन् पाणी कुठवर चढलं ते हातानं दाखवतो. हाकलतात. फिरून जातो. मारतीन तं मारतीन. आमच्यासाठी ती जागा नदीची होती ना? मंग भाऊसाठी बी नदीचीच राहीन. मायले उठवलं तिथं मी कोणाचंच घर होऊ देणार नाही.